आधी पूर्वपक्ष

मराठी माणसाला ‘चारसोबीस’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भारतीय दंडसंहितेतील फसवणुकीच्या एका कलमाचा हा क्रमांक. न्यायालयाच्या आवारातून तो बाहेर पडला, बाजारात रुळला, १९५५ साली एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाच्या नावात जाऊन बसला आणि अखेर विशेषण होऊन आपल्या भाषेत स्थायिक झाला. १८६० साली तयार झालेल्या त्या दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. जुने ४२० आता ३१८ व्या कलमात सामावले आहे. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले आहे. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे आली आहेत. पुराव्याचा १८७२ चा कायदा आणि फौजदारी प्रक्रियेची १९७३ ची संहिता यांच्या जागीही त्याच दिवशी नवे कायदे आले. बोलण्यातला ‘चारसोबीस’ मात्र अजून पुष्कळ वर्षे नांदेल. भाषा काही राजपत्र वाचून बदलत नाही.

या बदलाने गोंधळून गेले ते कायद्याचे विद्यार्थी. माझी भाची त्यांच्यापैकीच एक. हैदराबादेतील एका विधी महाविद्यालयात ती तीन वर्षांचा अभ्यासक्रम करते. वरच्या वर्गातील मुलांकडून वारशाने मिळालेल्या तिच्या टिपणवह्या एका दिवसात निम्म्या निरुपयोगी झाल्या. त्यातच १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू असल्यामुळे जुने क्रमांक विसरूनही भागत नाही. ‘मामा, आता दोन-दोन पाढे पाठ करायचे!’ असे ती वैतागून म्हणाली.

तिच्या या वाक्याने मी विचारात पडलो. क्रमांक बदलले, पण फसवणूक कशाला म्हणावे हे ठरवण्याची रीत बदलली काय? समोरचा खोटे बोलला, ते खोटे आहे हे त्याला त्या वेळीच ठाऊक होते, आणि त्या खोट्यावर विसंबून दुसऱ्याने आपली मालमत्ता त्याच्या स्वाधीन केली, या गोष्टी पडताळण्यासाठी जे प्रश्न विचारावे लागतात ते पूर्वी होते तेच आज आहेत. घेतलेले कर्ज पुढे फेडता न येणे आणि फेडायचे नाही असे ठरवूनच कर्ज घेणे, यांतला भेद कोणताही क्रमांक पाठ करून कळत नाही. तो विचारानेच काढावा लागतो. असा चिकित्सक विचार शिकवता येतो काय, आणि येत असेल तर कोणत्या रीतीने, याविषयी गेल्या काही महिन्यांत आमच्या घरी जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आमचे घर नामपल्लीत. मुंबईची गाडी पकडायला मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या जेथे येतो ते १९०७ सालचे स्टेशन, यूसुफैन दर्गा, बाग-ए-आम, थंडीच्या दिवसांतली नुमाइश, ही नामपल्लीची ओळख सर्वांना आहे. तिची आणखी एक ओळख म्हणजे येथील फौजदारी न्यायालये. सकाळी दहाच्या सुमारास त्या बाजूने गेले तर काळे कोट, पोलिसांच्या गाड्या, झेरॉक्सची दुकाने आणि पिशवीत जेवणाचा डबा घेऊन ताटकळणारे आरोपींचे नातेवाईक, असे सारे एकाच नजरेत मावते. त्या गर्दीत वह्या घेतलेली तरुण मुलेमुलीही असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार कायद्याच्या विद्यार्थ्याने एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले चालताना पाहून त्यांची नोंद ठेवायची असते. अभिरूप न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करायचा असतो. वकील अशिलाशी कसा बोलतो, त्याच्याकडून हकिगत कशी काढून घेतो, हेही पाहायचे असते.

नियम उत्तम आहे. परंतु पुष्कळदा होते असे की, एकाने केलेली नोंद वर्गभर फिरते आणि तारीख, साक्षीदाराचा क्रम, वकिलाचा प्रश्न, सारे काही सगळ्या वह्यांत अक्षरशः सारखे उतरते. भाचीने मला दाखवलेल्या अशा एका वहीत साक्षीदार काय म्हणाला ते व्यवस्थित लिहिलेले होते. त्याच्या म्हणण्यावर विश्वास का ठेवावा, अथवा का ठेवू नये, याविषयी एक ओळही नव्हती.

विधिशिक्षण सुधारण्याचे प्रयत्न आपल्या देशात झाले नाहीत असे नाही. १९८७ साली बंगळूरला राष्ट्रीय विधी विद्यालय स्थापन झाले आणि एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली तेथे व्याख्यानाइतकेच महत्त्व चर्चेला, अभिरूप न्यायालयाला आणि प्रत्यक्ष प्रश्न सोडवण्याला मिळाले. १९९८ साली हैदराबादेत नलसार हे विधी विद्यापीठ निघाले. शामीरपेट येथील त्याच्या आवारात आज देशभरातील निवडक मुले शिकतात. पण नामपल्लीच्या न्यायालयांत हातगाडीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या वतीने उभे राहणारे जे वकील माझ्या पाहण्यात आहेत ते साध्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातूनच आलेले आहेत. चिकित्सक विचार हा निवडकांच्या वाट्याला आणि पाठांतर इतरांच्या वाट्याला, अशी वाटणी झाली तर तिचे मोल वकील देत नाही. त्याच्या भरवशावर पिंजऱ्यात उभा असलेला माणूस देतो.

भाचीने चार सोबती जमवले आणि दर रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत त्यांची बैठक भरू लागली. एक मुलगी चारमिनारच्या बाजूची, उर्दू माध्यमातून आलेली. एक मुलगा महबूबनगर जिल्ह्यातल्या खेड्यातला, दहावीपर्यंत सरकारी शाळेत तेलुगूतून शिकलेला. एक सिकंदराबादचा, इंग्रजी शाळेतला, फर्डा वक्ता. चौथ्या बाई तिशी ओलांडलेल्या, कचेरीत कारकुनी करून शिकणाऱ्या. पहिले तीन-चार रविवार पाहून माझी निराशाच झाली. सिकंदराबादचा मुलगा बोले, बाकीचे लिहून घेत. वर्गातला फळा तेवढा नव्हता. बाकी सारा वर्गच होता. महबूबनगरचा मुलगा तर तोंडच उघडत नसे. इंग्रजीत बोलता येत नाही, तेव्हा हे शिक्षण सोडून गावाकडे जावे आणि बी.एड.चा अर्ज भरावा, असा त्याचा विचार चालला असल्याचे भाचीकडून कळले.

शिक्षकी पेशात वर्षे काढलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली हार्वर्डची. तेथे १८७० साली क्रिस्टोफर लँग्डेल यांनी नियम पाठ करवून घेण्याऐवजी प्रत्यक्ष निकालपत्रे मुलांच्या हाती देऊन त्यांवर प्रश्न विचारण्याची पद्धत सुरू केली. ती जगभर गेली. तिच्यात एक उणीव मात्र राहिली: प्रश्न विचारण्याचा अधिकार शिक्षकाकडेच राहतो, आणि एक विद्यार्थी घाम पुसत उत्तर देत असताना बाकीचे आपली पाळी आली नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. दुसरी गोष्ट टेक्सास राज्यातील ऑस्टिन या गावची. १९७१ साली तेथील शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एकत्र बसू लागली होती आणि वर्गावर्गात तेढ होती. इलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. आपला तुकडा दुसऱ्यांना शिकवल्यावाचून आणि त्यांचा शिकून घेतल्यावाचून कोणालाच धडा पुरा होईना. ज्याला कोणी विचारीत नव्हते त्याचे ऐकणे सर्वांना भाग पडले.

पाचजणांनी ही रीत उचलली आणि तिला स्वतःचे काही नियम जोडले. प्रत्येकाने अर्धे पान आपले मत लिहूनच यायचे, कोणत्याही भाषेत. ज्याचे पान नाही त्याने त्या दिवशी केवळ ऐकायचे. आधी घटना, मग मत. बाजू चिठ्ठी टाकून ठरवायची आणि मध्यंतरानंतर उलटायची. विरोधी पक्षाला उत्तर देण्यापूर्वी त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडून दाखवायचे, आणि ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ असे त्याने कबूल केल्यावरच पुढे जायचे. शेवटी प्रत्येकाने आपला निर्णय स्वतंत्र लिहायचा. एकमत व्हायलाच हवे असे नाही.

या रीतीने हाताळलेला पहिला खटला नानावटींचा. वडीलधाऱ्या वाचकांना तो आठवत असेल. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील अधिकारी कवास नानावटी यांना पत्नीकडून तिच्या दुसऱ्या पुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली मिळाली आणि त्याच दिवशी त्यांच्या गोळ्यांनी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. अचानक आणि तीव्र प्रक्षोभात घडलेले कृत्य म्हणावे, की विचारपूर्वक केलेला खून? निकालपत्राचे पाच भाग पाचजणांनी वाटून घेतले. घटनाक्रम महबूबनगरच्या मुलाकडे आला. त्याने वहीत उभी रेघ ओढली आणि तीवर वेळा मांडल्या. कबुलीनंतर पत्नी आणि मुलांना चित्रपटगृहात पोहोचवणे; जहाजावर जाणे; रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जायचे आहे असे सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेणे; आहुजांच्या कचेरीत चौकशी करणे; तेथे ते नाहीत असे कळल्यावर त्यांच्या घरी जाणे. ती रेघ त्याने सर्वांपुढे ठेवली आणि तेलुगू-मिश्रित हिंदीत एवढेच विचारले की, ‘अचानक’ हा शब्द या रेघेवर कोठे लिहू?

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर १९६१ मध्ये हाच धागा धरला होता. सुमारे तीन तासांचा काळ आणि त्या काळातील शांतपणे केलेली तजवीज पाहता प्रक्षोभ अचानक होता असे म्हणता येत नाही, असे ठरवून जन्मठेप कायम झाली. सिकंदराबादचा मुलगा सुरुवातीला नानावटींच्या बाजूने हिरिरीने बोलत होता. बाजू उलटल्यावर त्यालाच फिर्यादी पक्ष मांडावा लागला. बैठक संपताना तो म्हणाला, ‘मास्तर, आता दोन्हीकडचे दिसते, म्हणून बोलणे अवघड झाले आहे.’ मला वाटते, शिक्षणाची सुरुवात या अवघडपणातच असते.

याच खटल्याने आणखी एक धडा दिला. नानावटींना सत्र न्यायालयातील जूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष ठरवले होते. न्यायाधीशांना तो कौल पुराव्याला धरून वाटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि पुढे निकाल फिरला. त्या वेळी ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलून धरली होती आणि मुंबईभर दुसरा विषय नव्हता. जूरी हासुद्धा एक गटच होता. नऊ माणसे एकत्र बसली म्हणजे नऊपट विचार झाला, असे होत नाही. गटात प्रत्येकावर दुसरी बाजू मांडण्याचे कर्तव्य नसेल तर गटाची गर्दी व्हायला वेळ लागत नाही. सहाध्ययनाचे गोडवे गाणारे पुष्कळदा हा भेद विसरतात. शेजारी बसणे, मिळून मिसळून चर्चा करणे, एवढ्याने चिकित्सा जन्मत नाही. ‘तुझे म्हणणे मी तुझ्याहून चांगले मांडून दाखवतो, आणि मग त्याला उत्तर देतो’ ही अट मान्य झाली की ती जन्मते.

आपल्या परंपरेत या अटीला नाव आहे: पूर्वपक्ष. मीमांसकांनी कोणत्याही प्रश्नाचा विचार विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय अशा पायऱ्यांनी केला. यांत पूर्वपक्षाला डावलून उत्तरपक्षाकडे उडी मारण्याची सोय नाही. आणि पूर्वपक्ष लेचापेचा मांडला तर निर्णयही लेचापेचाच ठरतो. हिंदू वारसा कायद्याचा देशाच्या मोठ्या भागातील आधार ठरलेली ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात. ते कल्याण म्हणजे आज कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात असलेले आणि एकेकाळी निजामाच्या राज्यात मोडणारे बसवकल्याण. कायद्याच्या प्रश्नात विरोधी मत आधी नीट मांडून मग त्याचा परामर्श घेण्याची रीत हार्वर्डहून येण्याची वाट आपल्या या परिसराने पाहिली नव्हती. मात्र त्या वादसभेत सर्वांना प्रवेश नव्हता, हेही तितकेच खरे. चारमिनारची मुलगी, महबूबनगरचा मुलगा आणि कारकून बाई एकाच सतरंजीवर बसून पूर्वपक्ष मांडतात, हे आजचे नवेपण आहे आणि ते मोलाचे आहे.

भाषेविषयी एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. तो माझ्या विषयाच्या जवळचा आहे. कारकून बाईंनी सरावासाठी एक काल्पनिक प्रकरण रचून आणले. शेताच्या बांधावरून भांडण, एकाला मार लागतो, तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात दगावतो. साक्षीदाराचे निवेदन दखनीत होते: ‘इनों मेरे भाई कू मारे.’ सिकंदराबादच्या मुलाने त्याचे इंग्रजी केले ते ‘जीव घेतला’ अशा अर्थाचे. महबूबनगरचा मुलगा अडला. तेलुगूत कोट्टाडु म्हणजे मारहाण केली आणि चंपाडु म्हणजे ठार केले. साक्षीदाराला यांतले कोणते म्हणायचे आहे? चारमिनारच्या मुलीने सांगितले की, जीव घेतला असे सांगायचे असते तर आमच्याकडे ‘मार डाले’ म्हटले असते. नुसते ‘मारे’ दोन्हीकडे झुकू शकते. मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मराठीतही ‘मारले’ आणि ‘मारून टाकले’ यांत एका क्रियापदाचे अंतर आहे. न्यायालयात हे अंतर दुखापत आणि मनुष्यवध यांच्यातले होऊ शकते. मारणाऱ्याचा हेतू काय होता, या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाचे उत्तर भाषांतर करणाऱ्याने नकळत देऊन टाकले होते, आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नसते.

हैदराबादेत न्याय नेहमीच एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात आला आहे. निजामी राजवटीत न्यायालयाची भाषा उर्दू होती. केशवराव कोरटकरांसारखे मराठीभाषक वकील त्या भाषेत युक्तिवाद करीत आणि आपल्या मुलांना मातृभाषेतून शिकता यावे म्हणून विवेकवर्धिनीसारख्या शाळेसाठी झटत. आज साक्षीदार तेलुगूत किंवा दखनीत बोलतो आणि वरिष्ठ न्यायालयांतला वाद इंग्रजीत चालतो. या वाटेवर जो शब्द सांडतो तो उचलायला अनेक भाषा जाणणारे कान लागतात. इंग्रजी कच्चे म्हणून ज्या मुलाला आपण कायद्याला नालायक समजत होतो, त्याच्याजवळ नेमके तेच कान होते. त्याने बी.एड.चा अर्ज भरला नाही. इंग्रजीत तो अजून अडखळतो. पण अभिरूप न्यायालयात उभा राहिला आणि न्यायपीठाने मध्येच विचारलेल्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले.

साक्ष कशी ऐकावी, याविषयी मराठीच्या विद्यार्थ्याला म्हाइंभटांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करताना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना त्यांनी गाठले आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे ‘लीळाचरित्रा’ची परंपरा चालवणाऱ्यांनी कोणाच्या स्मरणात काय वेगळे आहे ते पाठभेद म्हणून त्या त्या व्यक्तीच्या नावासह राखून ठेवले. सर्वांच्या आठवणी घासूनपुसून एकसारख्या करण्याचा मोह त्यांनी टाळला. मुलांना मी हे सांगितले तेव्हा चारमिनारच्या मुलीने लगेच विचारले, ‘म्हणजे सगळे साक्षीदार एकच वाक्य बोलू लागले तर संशय घ्यायचा ना, मास्टरसाब?’ होय, घ्यायचा. आणि सगळ्या वह्यांत एकच नोंद दिसली तरीही!

मिळून केलेल्या चिकित्सेने काय साधते याचे आपल्या देशातील ठळक उदाहरण १९७९ चे आहे. मार्च १९७२ मध्ये, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडून दिले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा संमती असावी, असा त्या निकालाचा रोख होता. चार विधिशिक्षकांनी तो निकाल बारकाईने वाचला आणि सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. भीतीपोटी गप्प राहणे आणि संमती देणे ही एकच गोष्ट आहे काय, हा त्या पत्राचा गाभा. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अशा अत्याचाराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे अशी तरतूद आली. आमच्या बैठकीत हे प्रकरण झाले त्या दिवशी कारकून बाईंनी आपले अर्धे पान वाचून दाखवले. त्यांनी एकच ओळ लिहिली होती: निकालात मुलीने काय केले नाही याची नोंद आहे, ती तेथून निघून जाऊ शकत होती काय, हे कोणी विचारले?

या पद्धतीत दोष नाहीत असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही. वेळ फार जातो. एका खटल्याला तीन रविवारही लागले आहेत. परीक्षेत अजून व्याख्या आणि टिपा विचारतात, त्यांचा अभ्यास वेगळा करावाच लागतो. गटात एकाने राबायचे आणि चौघांनी निभावून न्यायचे, हा धोका अर्ध्या पानाच्या नियमाने कमी झाला, संपला नाही. पाचही जण मिळून कायदा चुकीचा समजू शकतात, आणि तसे एकदा झालेही. तेव्हापासून मूळ अधिनियम उघडा ठेवूनच बैठक सुरू होते, आणि उरलेल्या शंका महिन्यातून एकदा ओळखीच्या एका ज्येष्ठ वकिलांपुढे नेल्या जातात. शिक्षकाची गरज या पद्धतीत कमी होत नाही. त्याने उत्तर देण्याआधी थोडे थांबावे, इतकेच ती मागते.

एकमताचा आग्रह नसावा, हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सरकारने बेकायदा अटकेत ठेवलेल्या नागरिकाला न्यायालयात दाद मागता येईल काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी नकारार्थी निर्णय दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरुद्ध गेले. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला. खन्नांनी आपले मत सौजन्याखातर आवरते घेतले असते तर पुढच्या पिढीला परत येण्याची वाट कोणी राखली असती? पाचजणांत एकट्याने ‘मला पटत नाही’ म्हणणे आणि का पटत नाही ते लिहून ठेवणे, हे रविवारच्या बैठकीत शिकलेले मूल उद्या मोठ्या ठिकाणीही करील, अशी आशा करायला जागा आहे.

परप्रांतात स्थिरावलेल्या आपल्या घरांतून आज कितीतरी मुलेमुली कायदा शिकत आहेत. त्यांच्यासाठी आपण वडीलधाऱ्यांनी काय करावे? पुस्तके आणि शुल्क हे तर आहेच. त्याखेरीज रविवारी दोन तास एक खोली द्यावी, आणि कायदा न कळणारा श्रोता म्हणून कोपऱ्यात बसावे. ज्याला कायद्याचे ज्ञान नाही अशा माणसाला आपला युक्तिवाद समजावून देता आला नाही, तर तो युक्तिवाद अजून कच्चा आहे असे समजायला हरकत नाही. उद्याचा अशील असाच माणूस असणार आहे. आमच्याकडे हे काम माझ्यापेक्षा आमच्या सौभाग्यवती चोख करतात. येत्या रविवारी पुलुकुरी कोट्टय्या यांचा १९४६ चा खटला आहे. आरोपीने दाखवलेल्या जागी हत्यार सापडले, याने नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, यावर वाद रंगणार आहे. सौभाग्यवतींनी आताच बजावून ठेवले आहे की, दोन्ही बाजू मला पटतील अशा मांडल्याशिवाय चहा ठेवणार नाही.